पंखा फिरवणारे हात



विमानाचा जो इतिहास आपण आजवर वाचला, तो बहुतेक आकाशातला इतिहास आहे. कोण पहिला उडाला, कोण समुद्र ओलांडून गेला, कोण किती तासांत पोचला, याची नोंद पुस्तकांत सापडते. परंतु ते विमान उडण्यापूर्वी जमिनीवर कोणी तरी त्याचा पंखा हाताने फिरवला होता, पेट्रोल गाळून भरले होते, काळवंडलेला प्लग पुसून परत बसवला होता. त्याचे नाव बहुधा कोठेच नसते. आज आम्हांस हा जमिनीवरचा इतिहास सांगावयाचा आहे. विषय दिसावयास लहान आहे: हलक्या विमानाचे इंजिन सुरू का होत नाही, पेट्रोल त्याला का पोचत नाही, आणि हा दोष हुडकणाऱ्या माणसांनी विमानविद्येला काय दिले.

सायखेड्यात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आपल्याच निफाड तालुक्यात, ओझरला, १९६४ साली मिग-२१ विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. दुसरे असे की, गोदाकाठच्या माणसाला न सुरू होणारे इंजिन काही नवे नाही. नदीवर इंजिन ठेवून ज्यांनी ऊस आणि कांदा भिजवला, त्यांना इंजिनने हवा धरली म्हणजे काय, टाकीच्या तळाला पाणी साचले म्हणजे काय, आणि पाळीच्या दिवशी हँडल मारून मारून खांदा भरून आला म्हणजे काय, हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. डिझेल इंजिनाला प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच त्यातले तेल पेटते. हलक्या विमानाचे इंजिन बहुधा पेट्रोलचे असते आणि त्याला ठिणगी लागते. एवढा फरक सोडला तर दुखणी बरीचशी एकाच घराण्यातली आहेत. मात्र नदीवर इंजिन बंद पडले तर वाफा कोरडा राहतो. आकाशात बंद पडले तर काय होते ते सांगावयास नको. म्हणून विमानाच्या कारागिराला दोष शोधण्याची शिस्त आधी शिकावी लागली.

या इतिहासाचा पहिला मानकरी चार्ल्स टेलर. राइट बंधूंच्या सायकलींच्या दुकानात तो कामाला होता. हलके आणि तरीही जोरदार इंजिन राइट बंधूंना विकत मिळेना, तेव्हा टेलरने दुकानातल्या लेथवर आणि ड्रिल मशीनवर सुमारे सहा आठवड्यांत ते घडवले. त्याची ताकद सुमारे बारा अश्वशक्ती. पेट्रोल एका लहानशा डब्यातून केवळ आपल्या वजनाने खाली उतरत असे. आजच्यासारखा कार्बुरेटर त्याला नव्हता. १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडाले ते या इंजिनावर. राइट बंधूंचे नाव जगभर झाले, ते योग्यच झाले. टेलर १९५६ साली वारला, तोपर्यंत त्याला ओळखणारे थोडेच उरले होते. पुढे अमेरिकेत त्याचा जन्मदिवस, २४ मे, हा विमानाच्या कारागिरांचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. परंतु तोवर अर्धशतक उलटले होते.

आपल्या देशात १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेच्या प्रदर्शनातून आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेली. सरकारी टपाल विमानाने जाण्याचा जगातला तो पहिला प्रसंग. अंतर अवघे दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ तेरा मिनिटे. विमाने आली होती ती बोटीने, पेट्यांत सुटी करून. ती येथे जुळवावी लागली. म्हणजे भारतीय हवाई टपालाचा पहिला दिवसही पान्यापासूनच सुरू झाला.

पहिल्या महायुद्धात इंजिने झपाट्याने वाढली. त्यांतल्या एका जातीत सबंध इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे, आणि त्याच्या वंगणासाठी आपले एरंडेल वापरत. कारण एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळत नाही. युद्ध संपल्यावर इंजिनांचे ढीग उरले. इंग्लंडात फ्रँक हाफर्ड या इंजिनिअरने आठ नळकांड्यांच्या जुन्या रेनो इंजिनाचे भाग घेऊन त्यातून चार नळकांड्यांचे इंजिन तयार केले. त्यावर १९२५ साली डी हॅव्हिलंड कंपनीचे मॉथ विमान उडाले. स्वस्त, साधे, दुरुस्तीला सोपे. पुढे त्याला नव्या घडणीचे सुमारे शंभर अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन मिळाले. हवाई क्लब निघाले. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला.

आता आपण १९३० सालच्या शर्यतीकडे येऊ. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधला प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि टाटा असे तिघे तरुण पुढे आले. अस्पी तर अवघा सतरा वर्षांचा. तो इंग्लंडकडून कराचीला निघाला होता आणि टाटा कराचीहून इंग्लंडला. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याला चांगले प्लग हवे होते आणि ते मिळत नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. अस्पी ११ मे रोजी कराचीला पोचला, टाटांच्या आधी थोड्याच वेळाने, आणि बक्षीस त्याचे झाले. मनमोहन सिंगही पोचले, परंतु ठरलेल्या मुदतीत नव्हे.

ही गोष्ट टाटांच्या दिलदारपणाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. आम्हांस मात्र तिच्यातला प्लग महत्त्वाचा वाटतो. जिप्सी इंजिनात नळकांडी चार आणि प्लग आठ. प्रत्येक नळकांड्याला दोन. ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन, एक बिघडला तर दुसऱ्यावर निभावे म्हणून. तरीही तळहातात मावणाऱ्या या वस्तूवाचून हजारो मैलांचा प्रवास वाळवंटाच्या कडेला थांबतो. मोठ्या कामाचा जीव लहान वस्तूत असतो, आणि ती लहान वस्तू ज्याच्या हाताखालून जाते त्याला आपण लहान समजतो.

त्याच महिन्यात एमी जॉन्सन ही इंग्लिश तरुणी जिप्सी मॉथमधून एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. ती नुसती वैमानिक नव्हती; विमान तपासणाऱ्या कारागिराचा सरकारी परवाना तिने मिळवला होता, आणि त्या देशात तो मिळवणारी ती पहिली स्त्री. कराचीहून अलाहाबादेकडे जाताना पेट्रोल पुरेना, म्हणून तिला झाशीस लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले आणि पंखाला इजा झाली. दुरुस्ती करून ती पुढे गेली, आणि २४ मे रोजी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोचली. जिला स्वतःच्या यंत्राचे पोट ठाऊक होते ती पोचली, यात आम्हांस नवल वाटत नाही.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पुस मॉथ जातीचे लहान विमान घेऊन टाटा निघाले, अहमदाबादेस थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. टपाल सुमारे पंचवीस किलो. पुढे नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादेस या विमानाचे पेट्रोल आले ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनांच्या डब्यांत. बैलगाडी आणि विमान यांची ही भेट आम्हांस फार बोलकी वाटते. आकाशमार्गाचा पहिला टप्पा आपल्या ओळखीच्या चाकांवरून आला.

पण डब्यातले पेट्रोल टाकीत ओतणे म्हणजे पाण्याचा हंडा पिंपात रिकामा करणे नव्हे. डब्याला गंज असतो, झाकणाशी धूळ असते, आणि पावसाळी दिवसांत आत पाणी उतरते. म्हणून त्या काळी नरसाळ्यावर मऊ कमावलेले कातडे ताणून पेट्रोल गाळत. असे कातडे आधी पेट्रोलने भिजवले की ते पेट्रोल खाली सोडते आणि पाणी वर अडवते. काम संथ आणि उन्हातले. वैमानिक घड्याळ पाहत उभा, टपालाची पोती तयार, आणि नरसाळ्यातून धार मात्र आपल्याच गतीने उतरणार. जो माणूस त्या घाईतही कातडे काढून फेकत नाही, तो विमान वाचवतो.

आता हे दोष शोधण्याचे शास्त्र थोडक्यात सांगतो. इंजिनाला तीन गोष्टी हव्यात: योग्य प्रमाणात पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी, आणि मोकळी हवा. इंजिन सुरू झाले नाही की अडाणी माणूस एकदम दहा ठिकाणी हात घालतो. जाणता माणूस एका टोकापासून निघतो. टाकीत पेट्रोल आहे का? काट्यावर विसंबू नये, मापाची काठी बुडवून पाहावी. कॉक उघडा आहे का? हसू नका, बंद कॉकने पुष्कळ शहाण्यांना घाम फोडला आहे. टाकीला हवा घेणारी बारीक नळी मोकळी आहे का? आपल्याकडची कुंभारीण माशी अशा नळीत मातीचे घर करते. आत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळते, तसेच हे.

मग तळाचा निचरा काचेच्या भांड्यात घ्यावा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली थर करून बसते. अर्धी भरलेली टाकी रात्रभर ठेवली तर आतल्या दमट हवेचे दंव होऊन पाणी साचते. म्हणून दिवसाच्या शेवटच्या उड्डाणानंतर टाकी भरून ठेवावी, असा जुना नियम आहे. येथे एक फसगत आहे. भांडे सगळेच पाण्याने भरले तर थर दिसणारच नाही, आणि घाईतला माणूस म्हणेल, स्वच्छ आहे. म्हणून रंग पाहावा, वास घ्यावा. हलक्या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलला आज निळा रंग देतात, त्याचा एक उपयोग हाच.

यानंतर प्लग. प्लग काढला आणि कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचत नाही. मागे जा, नळी आणि गाळणी पाहा. ओला निघाला, तर पेट्रोल पोचते आहे. एक तर ठिणगी नाही, नाही तर पेट्रोल फार झाले. फार झाले असेल तर स्विच बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून पंखा काही वेळा उलटा फिरवावा, म्हणजे आतले जादा पेट्रोल बाहेर जाते. काजळी असेल तर मिश्रण दाट आहे. तेलकट असेल तर इंजिनच्या आतच झीज आहे. एवढासा प्लग, पण वैद्याने जीभ पाहावी तसा कारागीर तो पाहतो.

पंखा हाताने फिरवण्याची एक रीत होती, आणि जुन्या विमानांवर ती आजही पाळतात. कारागीर पुढे उभा राहून मोठ्याने विचारतो, स्विच बंद? वैमानिक तेच शब्द परत उच्चारतो. कारागीर पंखा चार-सहा वेळा सावकाश फिरवून पेट्रोल ओढून घेतो. मग तो ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतो, वैमानिक ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून स्विच चालू करतो, आणि कारागीर पंखा झटक्याने ओढून त्याच पावली मागे सरतो. ही प्रश्नोत्तरे म्हणजे पोपटपंची नव्हे. मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही. इंजिन फिरले की तो स्वतःच वीज करतो. स्विच बंद करणे म्हणजे ती वीज तारेने धातूच्या सांगाड्यात उतरवणे. ती तार तुटली असेल तर स्विच बंद दिसतो, पण ठिणगी जिवंत असते, आणि सावकाश फिरवलेला पंखाही एकदम सुटतो. म्हणून उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. फेरे थोडे उतरले पाहिजेत. फार उतरले तर दोष, आणि मुळीच उतरले नाहीत तरीही दोष. सगळे ठीक दिसते आहे हीच जेथे बिघाडाची खूण, अशी जागा ओळखण्यास अनुभव लागतो.

शेवटचा शत्रू बर्फ. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना गारवा वाढतो. आतले तापमान वीस अंशांनी आणि त्याहूनही अधिक उतरू शकते. बाहेर आपण सदऱ्यात फिरत असलो, पण हवा दमट असली, तर आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते. विमान उतरवून झाकण उघडावे, तो बर्फ वितळलेला, पुरावा नाहीसा. म्हणून गरम हवा आत घेण्याचा खटका बसवला. असे कितीतरी खटके आणि नियम कोणाच्या तरी अपघातानंतर आले आहेत.

येथे आम्ही मुद्द्यावर येतो. हे सगळे ज्ञान असून उपयोग काय, जर जाणत्या माणसाला ‘हे विमान आज उडणार नाही’ असे म्हणता येत नसेल? विमानविद्येने या बाबतीत एक शहाणपण केले. कारागिराला परवाना दिला आणि त्याच्या सहीवाचून विमान उडू नये असा दंडक घातला. आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांनी ही व्यवस्था बांधली. १९३४ च्या कायद्याची जागा आता २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. मालक कोणी का असेना, वैमानिक कितीही नावाजलेला असो, सही कारागिराची. कामगाराच्या नकाराला कायद्याने दिलेली ही किंमत आम्हांस विमानाच्या उंचीपेक्षा मोठी वाटते.

अर्थात कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर असते. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, एका फिटरने चाकावरचे संरक्षक झाकण नसताना यंत्र सुरू करण्यास नकार दिला. त्याच्या हाती खुलासा मागणारा कागद पडला. आम्ही युनियनतर्फे बोलणी केली; दोन दिवसांनी झाकण बसले आणि कागद मागे घेतला गेला. त्या दोन दिवसांत त्या माणसाच्या घरी चूल कशी पेटली, हे त्यालाच ठाऊक. अपघात झाला की सही कोणाची ते पाहावयाचे, आणि उशीर झाला की सही न करणाऱ्यावर डोळे वटारावयाचे, ही रीत जेथे असेल तेथे सही हे संरक्षण नव्हे, तो फास आहे. सही मागावयाची असेल तर नकारही मानला पाहिजे. संघटनेचे काम एवढेच, की नकार देणारा माणूस एकटा पडू नये.

या विद्येत आपली माणसे मागे राहिली नाहीत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. विष्णू माधव घाटगे हा मराठी संशोधक जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आला आणि त्या कारखान्यात मुख्य रचनाकार झाला. त्यांच्या हातून एचटी-२ हे शिकाऊ विमान झाले. ते १९५१ साली उडाले. १९५८ साली पुष्पक आले: दोन आसने, कापडाने मढवलेले अंग, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. देशभरच्या हवाई क्लबांत कित्येक तरुण पुष्पकावर शिकले, आणि त्यांच्यासाठी तितक्याच कारागिरांनी त्याचे प्लग पुसले. अबुकीरला प्लगवाचून अडलेला तो सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर पुढे १९६० ते १९६४ भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता; मिग विमाने घेण्याचा करार त्याच काळातला. त्या कराराची एक फांदी आपल्या ओझरला आली.

मिग-२१ ने सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाचा निरोप घेतला. त्या विमानाचे सोहळे झाले, छायाचित्रे निघाली. परंतु १९६४ नंतरच्या वर्षांत आपल्या खेड्यांतून सायकलने ओझरला गेलेली, रिव्हेट मारणारी, नळ्या जोडणारी, तपासणीचा कागद भरणारी पहिली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. प्रत्येक जण जाताना हातातले काही ज्ञान बरोबर घेऊन जातो. कोणत्या आवाजावरून काय ओळखावे, कोठे घाई करू नये, कोणत्या दिवशी सही करण्यास नकार दिला आणि मग काय झाले, हे कोणत्याही छापील पुस्तकात नाही.

म्हणून आमची या सभेस एक मागणी आहे. संघटनेच्या माणसाला मागणीवाचून भाषण संपवता येत नाही. गावोगावच्या वाचनालयांनी एक जाड वही घ्यावी. शाळेतली मोठी मुले या वृद्ध कारागिरांकडे पाठवावीत. त्यांनी विचारावे, आजोबा, तुम्ही कोणते काम करत होता, बिघाड कसा शोधत होता, आणि ‘नाही’ केव्हा म्हणालात? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत आणि खाली सांगणाऱ्याचे नाव घालावे. खर्च वहीचा आणि पेनाचा. वैमानिकांची नावे इतिहासाने जपली आहेत. पंखा फिरवणाऱ्यांची नावे लिहिण्याचे काम आपले आहे, आणि ते या उन्हाळ्यातच सुरू झाले पाहिजे.